पूर्वेकडच्या तोफा

१

फिलोमेन कोकुमला मातीआड केलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी खाणीच्या तळ्यात मेलेल्या बदकांचा खच पडल्याचं कळलं. आमच्या आदिवासी गावाचा प्रमुख, चीफ नोएल, याने सांगितलं, तेही टपालाच्या खिडकीतून मुंडकं आत घालून. दारातून यायचा धीर नव्हता मेल्याला.

"किती?" मी विचारलं.

"अजून गोळा करतायत. पूर्वेचा कोपरा नुसता काळा झालाय, ओडील. डांबरात माखलेली सगळी. काही अजून हलतायत म्हणे."

मी हातातला शिक्का खाली ठेवला. कोकुम म्हणजे आमच्या बोलीत आजी, आणि फिलोमेन कोकुम सगळ्या गावाचीच आजी. पाखरांवर तिचा भारी जीव. काल तिची पेटी खड्ड्यात उतरवताना रानहंसांचा एक थवा अगदी झाडांच्या शेंड्यांना घासून गेला होता. केवढा कलकलाट! न्यायलाच आले गं तिला, असं म्हणत आम्ही सगळ्या बायका ओक्साबोक्शी रडलो होतो.

"आणि तोफा काय झोपा काढत होत्या?"

या तोफा गॅसवर चालतात. गोळा नसतो, नुसता बार. तळ्याच्या काठाने उभ्या करून ठेवल्यात. पाळीपाळीने धडाम् करतात, म्हणजे पाखरं पाण्यावर उतरत नाहीत. पाणी कसलं, वाळूतून तेल धुऊन काढल्यावर उरलेला घाणेरडा गाळ तो. थंडीतही गरम, म्हणून नदी-नाले गोठले तरी हे आपलं उघडंच. पाखरांना वरून काय कळणार? गावात नवखा माणूस आला की त्या बारांनी पहिल्या रात्री त्याला झोप लागत नाही. आम्हाला ते ऐकूसुद्धा येत नाहीत.

"पश्चिमेच्या चालू होत्या," नोएल म्हणाला. "पूर्वेच्या कुणीतरी हाताने बंद केल्यात. आपली माणसं मातीला आलेली, म्हणून शहरातला बदली माणूस होता पहाऱ्यावर. तो म्हणतो, दिवसभर बार ऐकू येत होते. दुपारी बर्फाळ पाऊस सुरू झाला आणि पाखरं उतरली. म्हणजे आपण सगळे हॉलमध्ये जेवायला बसलो होतो, तेव्हाच कुणीतरी तिकडे गेलं."

"आपण सगळे होतो की तिथे."

"रेलीन नव्हती." त्याने नजर चुकवली. "तिची गाडी तळ्याच्या रस्त्याला दिसलीय."

रेलीन माझ्या गेलेल्या बहिणीची पोर, आणि बापाकडून फिलोमेन कोकुमची नात. वसंतातल्या सभेत कंपनीच्या लोकांसमोर खुर्चीवर चढून ओरडली होती, "ढिगाने बदकं मेल्याशिवाय जगाचे डोळे उघडणार नाहीत!" आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

"सोमवारी सुनावणी आहे," नोएल पुढे बोलू लागला. "तळं पूर्वेला वाढवायचं की नाही, पार दफनभूमीच्या कुंपणापर्यंत. आपल्याच पोरीने केलं असं निघालं, तर कंपनी म्हणेल, आमची व्यवस्था चोख होती, गावानेच घात केला. तळंही वाढेल आणि पोरगी तुरुंगात जाईल. तू नदी-समितीची अध्यक्ष. तुला तळ्याच्या बंधाऱ्यावर कुणी अडवत नाही. पोलिसांच्या आधी तू शोध."

"नदी-समितीचं मानधन कंपनीच देते, नोएल. माझी बोटसुद्धा त्यांचीच."

"या गावात कुणाला देत नाही?" तो म्हणाला.

त्याच्या जावयाचे ट्रक खाणीवर चालतात. माझा धाकटा भाऊ अल्फॉन्स खाणीच्या पाखरं-पथकाचा मुकादम. खाल्ल्या मिठाला जागायचं की नदीला, हा प्रश्न आमच्याकडे घरोघरी आहे. म्हणून तर कुणी कुणाला विचारत नाही. मी खिडकी बंद केली आणि कोट चढवला.

२

कंपनीचा पर्यावरण अधिकारी हॅलव्हर्सन बंधाऱ्यावर माझी वाटच बघत होता. उंच, गोरा, आवाज नेहमी लोण्यासारखा. काल फुलांचं चक्र घेऊन मातीला आला होता, आणि जेवायलाही थांबला होता. माणूस वाईट नाही. हेच तर आमचं दुखणं आहे, वाईट माणसाला शिव्या तरी घालता येतात.

"ओडीलबाई, मला फार वाईट वाटतंय," तो म्हणाला.

"वाटू द्या. आधी तोफा दाखवा."

पूर्वेच्या काठावर ओळीने तोफा उभ्या होत्या. एकही मोडलेली नाही. एकही नळी कापलेली नाही. प्रत्येक टाकीची चावी सावकाश फिरवून बंद केलेली, आणि ठिणगीची तार काढून तिच्या खुंटीला नीट अडकवलेली, कामावरची माणसं अडकवतात तशी. खाली पाण्यात बोटी फिरत होत्या. कुणीतरी जाळीने एकेक काळा गोळा उचलून पिंपात टाकत होतं. मी तिकडे फार वेळ बघू शकले नाही.

"ज्याला घात करायचाय तो नळी कापतो, साहेब," मी म्हटलं. "हे तर पुन्हा चालू करायच्या बेताने बंद केलंय."

"किंवा ज्याला काम येतं त्याने केलंय. तुमची भाची एक उन्हाळा याच पथकात होती. फाटकाची किल्ली तिने परत केलेली नाही."

मी म्हटलं, "रडार कुठे गेलं तुमचं? पाखरं खाली यायला लागली की घंटा वाजते ना? मग काल का नाही वाजली?"

लोणी घशात अडकलं. "दुरुस्तीला आहे. सुटा भाग यायचाय."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून," तो हळूच म्हणाला. "समितीला कळवायला हवं होतं. सुनावणी तोंडावर होती, म्हणून वरून सांगितलं की थांबा."

"व्वा! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या."

तो लाल झाला. बोट रोखून म्हणाला, "पण रडारने तोफा बंद केल्या नाहीत, बाई. माणसाने केल्यात. किल्ल्या फक्त पथकाकडे. आणि पथकातली तुमची माणसं सगळी जेवणात होती. तुमच्या भावाचंच घ्या. मातीहून परतताना आग सांभाळणाऱ्या त्या म्हाताऱ्या फर्डिनांडला चक्कर आली, तेव्हापासून अल्फॉन्सच हॉलबाहेरच्या आगीपाशी उभा होता. मी दाराशीच बसलो होतो. पाऊस आला तेव्हा त्याला आत ये म्हटलं, तर नुसती मान हलवली. सारखा बंधाऱ्याकडे बघत होता बिचारा, कामाची काळजी. संध्याकाळपर्यंत तो जागचा हलला नाही, याचा साक्षीदार मी स्वतः आहे."

ते खरंच होतं. आमच्याकडे माणूस गेलं की आग पेटवतात, ती मातीनंतरच्या जेवणापर्यंत विझू देत नाहीत. शेवटी गेलेल्याच्या नावाचं ताट त्या आगीत द्यायचं, मग आग शांत करायची. मातीनंतर आगीचा चिमटा एकदा हातात घेतला की ताट जाईपर्यंत जागा सोडायची नाही. आकाश कोसळलं तरी नाही.

एवढ्यात माझा फोन वाजला. नोएल होता.

"उशीर झाला, ओडील. रेलीनला नेलं शहरात."

३

पोलीस ठाण्यात रेलीन कालच्याच काळ्या कपड्यांत बसली होती. डोळे सुजलेले, पण जीभ शाबूत.

"आलीस, मावशी? बॅनक आणलीस का? इथला पाव म्हणजे पुठ्ठा आहे नुसता."

मी पिशवीतून बॅनक, आमची जाड भाकरी, काढून दिली. तिने लचका तोडला आणि चावता चावताच रडायला लागली.

"खरं सांग," मी म्हटलं. "काल दुपारी कुठे उलथली होतीस?"

"कोकुमच्या रानातल्या शिकारीच्या खोपटात. दुसरा रस्ता आहे का तिकडे जायला, तळ्याजवळून गेल्याशिवाय? तिचा कोट अंगावर घेतला आणि बसून राहिले. हॉलमध्ये तो हॅलव्हर्सन कोकुमच्या नावाचं मूस-हरणाचं कालवण ओरपत होता, ते बघवेना मला."

"आणि किल्ली?"

"असेल कुठेतरी ड्रॉवरमध्ये. मावशी, मी जर तोफा बंद करायला गेले असते ना, तर चारी बाजूंच्या केल्या असत्या. आणि कॅमेरा घेऊन उभी राहिले असते." मग तिचा चेहरा पडला. "सभेत मी तसं बोलले होते. सकाळपासून सारखं तेच कानात वाजतंय. बोललेलं खरं झालं, मावशी. माझ्या तोंडात किडे पडोत."

"गप. बोलण्याने बदकं मरत असती तर तुझ्या मावशीने एकही ठेवलं नसतं."

ती हसली, तेवढंच. मग बोटाने टेबल खरवडत म्हणाली, "कोकुमला शेवटी एकच हवं होतं. माझ्या मातीच्या वेळी तो धडामधूम बंद ठेवा, म्हणायची. मला रानहंस ऐकत जायचंय."

"कुणाकुणाला म्हणाली होती?"

"सगळ्यांना. जो भेटायला येईल त्याला. तुलाही म्हणाली होती, मी तिथेच होते. तू तिचा हात थोपटलास."

थोपटला होता खरा. मरणाऱ्या माणसाला आपण हो म्हणतोच.

"एक बरं झालं," रेलीन डोळे पुसत म्हणाली, "शेवटी ऐकू आले तिला. केवढे खाली आले होते ना? मला आठवतंय तेव्हापासून तिथून थवा गेलेला मी पाहिला नव्हता."

माझा हात टेबलावर होता तसाच राहिला. "काय म्हणालीस?" मी विचारलं.

४

परतताना मी गाडी सरळ दफनभूमीपाशी थांबवली. फिलोमेन कोकुमच्या मातीवर बर्फाचा पातळ थर होता. मी कुंपणाला टेकून उभी राहिले आणि कान दिले. मुद्दाम कान दिले, म्हणून ऐकू आलं. धडाम्. कंपनीने पूर्वेच्या तोफा पुन्हा चालू केल्या होत्या.

उत्तरेकडून एक थवा आला, लांबलचक. सरळ माझ्याच दिशेने येत होता. पुढचा बार झाला तशी रांग विसकटली, वर उठली आणि नदीपलीकडून वळसा घालून निघून गेली. या काठावर तोफा बसल्यापासून पाखरं हेच करतात. दफनभूमीवरून ती खाली येतच नाहीत.

पण काल सकाळी आली होती. झाडांना घासून गेली होती. म्हणजे काल पेटी खाली जात होती तेव्हाच पूर्वेच्या तोफा बंद होत्या. दुपारी नव्हे, सकाळीच! अख्खं गाव तिथे उभं होतं आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही. असतानाही जे ऐकू येत नव्हतं, ते नसताना कसं कळणार? त्या बदली माणसाने दिवसभर ऐकले ते पश्चिमेचे बार.

मग दुपारी कोण कुठे होतं, हा प्रश्नच खोटा. रेलीन खोपटात असो नाहीतर चंद्रावर. सकाळी, माती व्हायच्या आधी, फाटकाची किल्ली असलेल्या कुणीतरी म्हातारीच्या शब्दाखातर फक्त दफनभूमीच्या बाजूच्या तोफा बंद केल्या. तारा नीट खुंटीला अडकवल्या, म्हणजे माती झाली की लगेच येऊन चालू करायच्या होत्या. आणि मग त्याला येता आलं नाही.

सकाळपासून आम्ही सगळे विचारत होतो, तळ्यावर कोण गेलं. विचारायला हवं होतं, कोण जाऊ शकलं नाही.

अख्ख्या गावात काल एकच माणूस असा होता, ज्याला दुपारभर जागचं हलता येत नव्हतं. चक्कर आलेल्या म्हाताऱ्याने अचानक चिमटा हातात दिला, म्हणून अडकलेला. पावसात उभा राहून सारखा बंधाऱ्याकडे बघणारा. ज्याचा साक्षीदार खुद्द हॅलव्हर्सन होता.

मी गाडीत बसले, पण किल्ली काही फिरवता येईना. लहानपणी आई कामावर गेली की मी त्याला कडेवर घेऊन फिरायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

५

पाखरं उचलणाऱ्यांना कंपनीने खाणीवरच्या छावणीत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काठावर उभी राहून हाक मारली. अल्फॉन्सने बोट वळवली. अंगावर पांढरा रबरी झगा, पार कोपरापर्यंत काळा. पिंपावर झाकण नव्हतं.

"ताई, इथे येऊ नकोस. वास बाधेल," तो म्हणाला.

"रेलीनला पोलिसांनी नेलंय."

त्याच्या हातातली जाळी पाण्यात पडली. "रेलीनला? तिला कशाला?"

"तोफा तिने बंद केल्या म्हणून."

त्याने विचारलं नाही की मग कुणी केल्या. माझ्याकडे बघत राहिला, आणि मला कळलं की त्यालाही कळलंय.

"कोकुमने हात धरला होता माझा," तो म्हणाला. "मी म्हटलं, कोकुम, एवढंच ना? तासभर. सकाळी पाखरं कमी असतात. माती झाली की दफनभूमीतून सरळ इकडे येणार होतो. तेवढ्यात फर्डिनांड कोसळला. चिमटा कुणीतरी घ्यायलाच हवा होता, आणि मीच शेजारी होतो."

"कुणाला तरी सांगायचंस, गाढवा! किल्ली द्यायचीस कुणाकडे तरी!"

"हॅलव्हर्सन समोर बसला होता. हाक मारली असती तर कळलं असतं त्याला. नोकरी गेली असती." त्याने मान खाली घातली. "वाटलं, आता जेवणं होतील, आता ताट येईल. तर नोएल उभा राहिला भाषणाला."

मला आठवलं. नोएल कोकुमबद्दल बोलायला उठला आणि नदीवर घसरला, नदीवरून बदकांवर, बदकांवरून सुनावणीवर. आमची पाखरं आम्ही मरू देणार नाही, म्हणाला. आम्ही टेबलं बडवली. अजून बोल, अजून बोल, म्हणून मीच ओरडले होते. बाहेर पाऊस पडत होता, दार उघडं होतं, आणि अल्फॉन्स आगीपाशी उभा होता.

"मला दिसत होती ती, ताई. पाऊस आला तशी उतरायला लागली. थव्यांवर थवे, बंधाऱ्यामागे. आतून तुमच्या टाळ्या ऐकू येत होत्या. ताट आगीत गेल्या गेल्या धावत सुटलो, तर इथे दिवे लागलेले. मागच्या मागे फिरलो. तोंड उघडलं नाही. रेलीनचं नाव येईल असं स्वप्नातही नव्हतं गं."

"सोमवारी सुनावणी आहे," मी म्हटलं. आणि देवाशपथ सांगते, पुढचं बोलायला मला लाज वाटली, पण बोलले. "रेलीनला आपण वकील देऊ. पुरावा नाही, सोडतील तिला कधीतरी. तू गप्प राहिलास तर दोष कंपनीवर राहील. तळं वाढणार नाही."

त्याने झगा काढायला सुरुवात केली. हाताला डांबर चिकटलं होतं, बंद सुटेनात.

"सोड मला जरा," तो म्हणाला. मी पुढे होऊन बंद सोडले. माझेही हात काळे झाले.

६

सुनावणी त्याच हॉलमध्ये झाली. मातीच्या जेवणाची टेबलं अजून भिंतीशी होती. अल्फॉन्सने आदल्याच दिवशी पोलिसांना सगळं सांगितलं होतं, आणि रेलीन माझ्या शेजारी बसली होती, मामाकडे न बघता. तो उभा राहिला.

"पूर्वेच्या तोफा मी बंद केल्या," तो म्हणाला.

कंपनीच्या वकिलाने पेन खाली ठेवलं. त्याचं काम झालं होतं. नोएलने डोळे मिटून घेतले.

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "का केल्यात?"

"एका म्हातारीला पुरायचं होतं. तासभर शांतता हवी होती तिला."

मी उठलेच. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "विचारा की कंपनीला! चार तोफा अर्धा दिवस गप्प बसल्या तर एवढी पाखरं मरतात, ते तळं कसलं? आणि रडार? उन्हाळ्यापासून बंद आहे ते! विचारा हॅलव्हर्सनना!"

हॅलव्हर्सनने मान डोलावली. हो म्हणाला, स्पष्ट, सगळ्यांसमोर. तेवढं मानलं मी त्याला. हॉलमध्ये गलका झाला. पण अल्फॉन्सने माझ्याकडे वळून हात वर केला.

"बस, ताई. रडारचं त्यांचं ते बघतील. ती मेलेली पाखरं मी उचललीत. माझी आहेत ती."

मी बसले. रेलीनने माझा हात धरला आणि मग, बऱ्याच वेळाने, मामाकडे बघितलं.

निकाल हिवाळ्यात आला. तळं वाढवायला परवानगी मिळाली. अट एकच, पूर्वेच्या काठावर तोफा दुप्पट करायच्या आणि एकही तोफ क्षणभरही बंद ठेवायची नाही. पाखरांच्या सुरक्षेसाठी. हॅलव्हर्सनची बदली झाली. अल्फॉन्सची नोकरी गेली. लोक त्याच्याशी बोलतात, चांगलं बोलतात. नोएलने तर त्याला घरी मांस पाठवलं. टाळ्या आम्ही सगळ्यांनीच वाजवल्या होत्या ना.

वसंतात म्हातारा फर्डिनांड गेला. आग दुसऱ्या कुणीतरी सांभाळली. अल्फॉन्सला विचारलं होतं, तो नको म्हणाला. मातीच्या वेळी तो कुंपणाबाहेर उभा होता, म्हणून मी बायकांमधून निघून त्याच्यापाशी गेले.

पाद्री प्रार्थना म्हणत होता आणि दर ओळीला थांबत होता. धडाम्. पेटी खाली जाऊ लागली. धडाम्. दक्षिणेकडून रानहंस आले, वर चढले आणि नदीपलीकडे वळले. पूर्वी मला यातलं काहीच ऐकू येत नसे. आता स्वयंपाक करताना ऐकू येतं, टपालावर शिक्के मारताना ऐकू येतं. रेलीनला येतं, नोएललाही येतं. भाषण करता करता मध्येच थांबतो हल्ली.

"ताई," अल्फॉन्स हळूच म्हणाला, "येतंय का गं ऐकू?"

"येतंय रे," मी म्हटलं.

आम्ही माती पुरी होईपर्यंत तिथेच उभे राहिलो.